साइडकारवाली गाडी अलाइनमेंट करूनही दर ३००-४०० किलोमीटरला परत डावीकडे ओढते? आधी काय हलतंय ते शोधा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते कळेल. गाडी हिमालयन ४११, डाव्या बाजूला साइडकार, चार जागी धरलेली, खाली दोन आणि वर दोन. अलाइनमेंट केली की पहिले दोन-चार दिवस गाडी नाकासमोर चालते, हँडल हलकं, मजा येते. मग तीनशे-चारशे किलोमीटर झाले की डावीकडे ओढ सुरू होते. एकदम नाही होत, हळूहळू होते, त्यामुळे सुरुवातीला वाटतं रस्त्यालाच उतार असेल, वारा असेल, आणि मग एक दिवस चोपड्याहून जळगावला जाऊन येईपर्यंत डाव्या हाताने ढकलून आणि उजव्याने ओढून खांदे भरून येतात तेव्हा कळतं की गेली परत. मग गॅरेज, परत माप, परत दोन दिवस सुख. माझं असं पाच वेळा झालं. दर वेळी पैसे गेले, आणि त्याहून जास्त म्हणजे गाडीवरचा भरवसा गेला.

भरवसा मला फार महत्त्वाचा आहे कारण साइडकारमधे माझी आई बसते. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत, मागच्या सीटवर पाय टाकून बसणं बंद झालं त्याला चार वर्षं झाली, बसच्या पायऱ्या तर त्याहून अवघड. साइडकार लावल्यावर पहिल्यांदा तिला मुक्ताईनगरला नेलं तेव्हा रस्ताभर ती दोन्ही बाजूची केळी बघत होती आणि कुणाचा बाग कसा आहे ते सांगत होती. म्हणून गाडी ओढते म्हटलं की मला झोप लागत नाही.

आमच्याकडे एक जुने मिस्तरी आहेत, साइडकारवाल्या स्कूटर होत्या तेव्हापासून काम करतात. पाचव्या वेळी मी टेप घेऊन वाकलो तर म्हणाले, "भाऊ, दर खेपले माप कसाले ली राह्यना? जे हाली राह्यनं ते धर ना पहिले." म्हणजे, दर वेळी माप कशाला घेतोस, जे हलतंय ते धर ना आधी. तिथून माझी गाडी सुधारायला लागली. मी दर वेळी बिघडलेलं माप परत लावत होतो, ते का बिघडतं हे बघतच नव्हतो. लोखंडाचं माप आपोआप बदलत नाही, बदललं म्हणजे कुठेतरी काहीतरी सरकलं, वाकलं, झिजलं किंवा तडकलं, या चारांपैकी एक तरी आहेच.

पण आधी माप बरोबर लागलंय का ते पाहून घ्या, कारण मूळ मापच चुकीचं असेल तर पुढचं सगळं वाया. तीन मापं असतात. एक, साइडकारचं चाक गाडीच्या मागच्या चाकापेक्षा किती पुढे आहे, हे साधारण १५० ते २५० मिलीमीटर ठेवतात, माझं २०० आहे. हे एकदा वेल्डिंग झालं की सहसा बदलत नाही, त्यामुळे सोडून देऊ. दोन, टो-इन, म्हणजे साइडकारचं चाक पुढच्या बाजूने किंचित गाडीकडे वळलेलं पाहिजे. तीन, लीन-आउट, म्हणजे गाडी स्वतः साइडकारपासून उलट बाजूला, आपल्याकडे उजवीकडे, किंचित झुकलेली पाहिजे.

लीन-आउट का लागतं हे समजलं की बरंच कोडं सुटतं. आपल्या डांबरी रस्त्याला पाणी वाहून जायला दोन ते अडीच टक्के उतार दिलेला असतो, आपण डावीकडून चालतो त्यामुळे आपल्यासाठी तो उतार डावीकडे. अडीच टक्के म्हणजे जवळपास दीड डिग्री. शिवाय साइडकारचं चाक आपल्या बाजूने ओढ लावतं ती वेगळी. म्हणून गाडी एक ते दीड डिग्री उजवीकडे झुकलेली ठेवली की रस्त्यावर ती सरळ उभी राहते आणि ओढ फिटते. गाडी डावीकडे ओढत असेल तर लीन-आउट वाढवायचं, उजवीकडे ओढत असेल तर कमी करायचं. टो-इनला उगाच हात लावू नका, टो-इन जास्त झालं की साइडकारचं टायर रस्त्यावर घासत चालतं, दोन हजार किलोमीटरच्या आत नक्षी करवतीसारखी होते, हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने बोटाला टोचते. ही हात फिरवायची टेस्ट फार कामाची आहे, टेप लावायच्या आधी ती करा.

माप घ्यायला सपाट जागा पाहिजे आणि तीच मिळत नाही. गॅरेजसमोरची फरशी नजरेला सपाट दिसते पण पाण्याची नळी धरली की फरक कळतो, माझ्या आधीच्या गॅरेजच्या फरशीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटं उतार होता आणि त्यावर त्यांनी माझी गाडी तीन वेळा "झिरो" केली. मी शेवटी ओळखीच्या जिनिंगमधे, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात गेलो, कापसाचा सीझन संपल्यावर तिथला सिमेंटचा ओटा मोकळा असतो, एवढी मोठी आणि एकसारखी जागा आमच्याकडे दुसरी नाही. तुमच्याकडे जिनिंग नसेल तर पेट्रोलपंपाची काँक्रीटची जागा किंवा मंगल कार्यालयाचा हॉल बघा, पण लेव्हल नळीने तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

तिथे गवंडी प्लास्टरला वापरतात त्या ॲल्युमिनियमच्या दहा फुटी चौकोनी पट्ट्या दोन घ्या. विटांवर ठेवून एक गाडीच्या उजव्या बाजूला दोन्ही टायरला लावायची आणि दुसरी साइडकारच्या चाकाला बाहेरून. आता इथे एक चूक सगळे करतात, मीही केली. हिमालयनचं पुढचं टायर ९० आणि मागचं १२० रुंद, म्हणजे पट्टी मागच्या टायरला दोन जागी टेकली तर पुढच्या टायरपासून १५ मिलीमीटर लांब राहायला पाहिजे. ती दाबून पुढच्या टायरला चिकटवली की अख्खं मापच १५ ने खोटं झालं, आणि आपल्याला तर टो-इन एकूण तेवढंच लागतं. टायर कंपनीप्रमाणे रुंदी थोडी बदलते म्हणून व्हर्नियरने स्वतः मोजा, वजाबाकी करा, निम्मं घ्या, तेवढ्या जाडीचा लाकडी तुकडा पुढे पट्टी आणि टायरच्या मधे ठेवा.

मग दोन पट्ट्यांमधलं अंतर पुढच्या चाकाच्या पुढून आणि मागच्या चाकाच्या मागून मोजायचं, पुढचं कमी आलं पाहिजे, जो फरक तो टो-इन. पण कुठून कुठपर्यंत मोजलं हे लिहून ठेवा. माझ्या गाडीचा व्हीलबेस १४६५, तेवढ्या लांबीवर मला १५ मिलीमीटर पाहिजे, पण टेप टायरच्या बाहेरून धरला तर लांबी होते साधारण २१५० आणि तिथे तोच कोन २२ मिलीमीटर दाखवतो. एक मिस्तरी म्हणतो १५ ठेव, दुसरा म्हणतो २२ ठेव, भांडण होतं आणि दोघं एकच गोष्ट सांगत असतात.

लीन-आउटला मोबाइलचं ॲप चालतं पण मला ओळंबा जास्त पटतो. हँडल एकदम सरळ, पुढच्या चाकाच्या उजव्या बाजूला ओळंबा सोडायचा, दोरी टायरला टेकू द्यायची नाही, आणि रिमच्या वरच्या कडेपासून आणि खालच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजायचं. वरचं कमी आणि खालचं जास्त आलं म्हणजे गाडी उजवीकडे झुकलीय. २१ इंची रिमवर दीड डिग्री म्हणजे १४ मिलीमीटरचा फरक. स्टीलच्या पट्टीने मिलीमीटर स्वच्छ वाचता येतो, त्यात वाद नाही.

रिकाम्या साइडकारवर माप घेऊ नका

हे माझ्या दुखण्याचं अर्धं कारण निघालं. पाचही वेळा गॅरेजमधे साइडकार रिकामी होती, गाडीवरही कुणी बसलेलं नव्हतं. गाडी घेऊन मी एकटा घरी यायचो, सरळ चालायची, खूश व्हायचो. आई बसली की ओढायची.

हिशोब सोपा आहे. माझ्या गाडीच्या मागच्या चाकापासून साइडकारच्या चाकापर्यंत आडवं अंतर ११०० मिलीमीटर. आई आणि तिची पिशवी, पाण्याचा कॅन, हे सगळं बसलं की साइडकारचं स्प्रिंग ३० मिलीमीटर दबतं. ११०० वर ३० म्हणजे दीड डिग्री. म्हणजे मेहनत करून जेवढं लीन-आउट दिलं तेवढं आई बसल्याबरोबर संपलं, गाडी शून्यावर आली, त्यात रस्त्याचा उतार, मग ओढणार नाही तर काय.

म्हणून आता मी माप घेताना साइडकारमधे वजन ठेवतो. घरात दादरचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीचं, पोतं होतं ५० किलोचं, ते सीटवर, आणि पायाशी दहा किलोचा तांदळाचा कट्टा, झाले ६०. गाडीवर मी स्वतः बसतो, टाकी अर्धी, आणि दुसरा माणूस माप घेतो. पोतं ठेवल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली दाबा, थोडी पुढे ढकलून परत जागेवर आणा, म्हणजे स्प्रिंग आणि टायर आपापल्या जागी बसतील. नुसतं पोतं टाकून लगेच मोजलं तर टायर आडवं अडकलेलं असतं आणि माप ५-७ मिलीमीटरने फसवतं.

तुम्ही बहुतेक वेळा रिकामी चालवत असाल आणि क्वचित कुणाला बसवत असाल तर मधलं काहीतरी धरा, निम्मं वजन ठेवा. दोन्हीत एकदम सरळ चालणारी गाडी बिनॲडजस्टरच्या साइडकारला होत नाही, ते मान्य करून चालावं लागतं.

नेलपॉलिश

वजन ठेवून माप लावलं तरी ओढ पूर्ण गेली नाही, निम्मी झाली, आणि दर ३००-४०० ला वाढणं चालूच. म्हणजे सरकणारं काहीतरी होतं. मग बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली घेतली. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर एक बारीक सरळ रेघ. प्रत्येक नटवर तशीच. क्लॅम्प म्हणजे साइडकारचा रॉड गाडीच्या फ्रेमच्या पाईपला धरून ठेवणारी दोन भागांची पकड, त्या प्रत्येक क्लॅम्पच्या कडेवरून पाईपवर रेघ, दोन दिशांनी, एक पाईपच्या लांबीत आणि एक घेरात, कारण क्लॅम्प पुढे-मागेही सरकतो आणि गोल फिरतोही. वरच्या रॉडच्या चेक नटवर, म्हणजे रॉड फिरू नये म्हणून आवळलेल्या नटवर. साइडकारच्या ॲक्सल नटवर. सगळ्या मिळून २६ रेघा झाल्या, वहीत नंबर टाकून लिहिल्या. लावायच्या आधी जागा पेट्रोलच्या फडक्याने पुसा, तेलावर नेलपॉलिश धरत नाही आणि मग खोटी फाटलेली दिसते. ऑइल पेंट घेऊ नका, तो वाळायला वेळ लागतो आणि रबरासारखा ताणला जातो. नेलपॉलिश कडक होते आणि केसभर हललं तरी तडकते, तेच आपल्याला पाहिजे.

मग शंभर-शंभर किलोमीटरला थांबून बघायचं. पहिल्या शंभरला सगळं जागेवर. दुसऱ्या शंभरला, शिरपूरला रस्त्याच्या कडेला टॉर्च मारून बघितलं, तर मागच्या वरच्या क्लॅम्पची घेरातली रेघ तुटलेली, दोन तुकडे एकमेकांपासून दोनेक मिलीमीटर लांब. घरी येईपर्यंत चार. पुढच्या वरच्या क्लॅम्पचीही तुटलेली, दीड-दोन मिलीमीटर. आणि बोल्टवरच्या रेघा? सगळ्या शाबूत. बोल्ट घट्टच होते, पाना लावला तर हलत नव्हते, म्हणून पाचही वेळा कुणाला काही सापडलं नाही. प्रत्येकाने बोल्टला पाना लावला, घट्ट आहे म्हणाला आणि पुढे गेला.

क्लॅम्प खोलला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पहिली, क्लॅम्पच्या आत सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं. रंगाला ओरखडा नको म्हणून लावणाऱ्याने काळजीने लावलं असेल, पण रबर दाबलं की पसरतं, उन्हात मऊ होतं, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो आणि खाली इंजिनची गरमी वेगळी. ते रबर एका बाजूला चुरगळून बाहेर आलेलं, कडेला काळी भुकटी. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. क्लॅम्पचे दोन अर्धे भाग एकमेकांना पूर्ण टेकलेले होते. मधे फट नव्हती. म्हणजे बोल्ट कितीही आवळा, तो ते दोन अर्धे एकमेकांवर दाबतो, पाईपला पकडतच नाही. पाना टणक लागतो, मन समाधानी होतं, आणि पाईप आत मोकळा.

तुमच्या क्लॅम्पची ही तपासणी आज करा, खोलायचीही गरज नाही. दोन भागांमधे नजरेला फट दिसली पाहिजे, हॅकसॉचं पातं सरकेल एवढी तरी. दिसत नसेल तर तुमचा क्लॅम्प पाईपपेक्षा मोठा आहे.

वरचे दोन रॉड एवढे महत्त्वाचे का ते सांगतो. साइडकारमधे वजन पडलं की गाडी आणि साइडकारच्या मधला भाग खाली दबतो आणि गाडीचं डोकं साइडकारकडे झुकायला बघतं, खालचे दोन पॉइंट बिजागरीसारखे असतात, झुकणं अडवून धरतात ते वरचे दोन रॉड. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्यावर हातोडा बसतो. वरचा पॉइंट खालच्यापेक्षा ४०० मिलीमीटर उंच असेल तर तिथे ४ मिलीमीटर सरकलं म्हणजे गाडी अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त झुकली. माझी ओढ तेवढीच होती, हिशोब जुळला.

नवे क्लॅम्प भुसावळला लेथवर करून घेतले. लेथवाल्याला हे नीट सांगा नाहीतर तो सवयीने पूर्ण गोल छिद्र पाडेल: दोन अर्धे भाग बोल्टने जोडताना मधे दीड मिलीमीटरची पत्र्याची पट्टी ठेवायची, तशाच अवस्थेत पाईपच्या मापाला बोअर मारायचा, नंतर पट्टी काढून टाकायची. मग गाडीवर लावल्यावर आपोआप दीड मिलीमीटर फट राहते आणि सगळा जोर पाईपवर येतो. पाईप तीन-चार जागी व्हर्नियरने मोजा, रंगासकट नाही, रंग खरवडून. रंगावर क्लॅम्प लावला तर पावडर कोटिंग हळूहळू दबत जातं आणि बोल्टचा ताण निघून जातो. माझे जुने क्लॅम्प २० मिलीमीटर रुंद होते, नवे ४० केले, प्रत्येकात चार एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे, २५ न्यूटन मीटरला, तिरक्या समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळत. खरवडलेल्या जागी गंज येऊ नये म्हणून क्लॅम्प बसल्यावर कडेने प्रायमर मारला, आत काही नाही.

बाकीचे संशयित

तुमच्या क्लॅम्पच्या रेघा शाबूत राहिल्या तर पुढे बघा. चेक नट हा दुसरा नेहमीचा. वरच्या रॉडला एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात म्हणून रॉड फिरवून लांबी बदलता येते, चेक नट ढिला झाला की रॉड रस्त्यावर स्वतःच फिरतो. रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट हाताने धरून हलवा, टक टक लागलं तर बदला, तो दुरुस्त होत नाही.

बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून किलोवर घेतलेले असतील तर काढून टाका. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं पाहिजे, कोरलेलं नसलेला बोल्ट गेट-खिडकीला ठीक, इथे नाही. खालच्या पॉइंटला एम१२ ठेवा, ८.८ असेल तर साधारण ८० न्यूटन मीटर. लांबी अशी घ्या की पट्टीच्या आत बोल्टचा गुळगुळीत भाग येईल, आटे आले तर ते पट्टीला करवतीसारखे कापतात आणि भोक लंबगोल होतं. स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका, आत नायलॉनची रिंग असलेला नायलॉक नट वापरा, एकदा काढला की नवा, आणि सायलेन्सरजवळ नायलॉक नको, नायलॉन मऊ पडतं, तिथे पूर्ण धातूचा लॉक नट.

तडे. वेल्डिंगच्या कडेला, रंगाखाली. संशय असेल तिथला रंग काढा, रॉकेल किंवा डिझेल लावून पंधरा मिनिटं ठेवा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल खडूत परत वर येतं आणि काळसर बारीक रेघ उमटते. माझ्या मागच्या सबफ्रेमवर बोटाच्या पेराएवढी उमटली. त्या जागी परत वेल्डिंग करून भागवू नका. सीटखालची सबफ्रेम माणूस आणि सामान उचलायला असते, साइडकारचा झटका खायला नाही. मी मागचा वरचा पॉइंट तिथून काढून मुख्य फ्रेमला दोन जागी पकडणाऱ्या वेगळ्या पट्टीवर नेला, सबफ्रेम नीट करून घेतली.

स्पोक. साइडकार लागली की गाडी वळताना झुकत नाही, सगळा जोर चाकाला आडवा बसतो, स्पोकच्या चाकासाठी तो नवीन मार आहे. छोट्या पान्याने एक-एक स्पोक वाजवा, घट्ट असेल तर टण्ण, ढिला असेल तर ठप्प. आई अंगणात बसून ऐकते आणि माझ्या आधी सांगते कुठला ठप्प वाजला. कोनसेट (हँडल फिरतं ते बेअरिंग), स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याचे) बुश, साइडकारच्या चाकाचं बेअरिंग हे जॅकवर उचलून हलवून बघा. हवा सकाळी गाडी थंड असताना भरा, दुपारच्या उन्हात पंपावर भरलेली हवा खोटी.

आता काही ओढ अशी असते की ती बिघाड नाही, तिच्यामागे लागू नका. ॲक्सिलरेटर पिळला की गाडी डावीकडे जाते, कारण साइडकारचं वजन मागे राहतं. ब्रेक मारला की उजवीकडे जाते, कारण साइडकार पुढे रेटते, साइडकारला स्वतःचा ब्रेक नसेल तर जास्त. हे राहणारच. ओढ तपासायची ती एकसारख्या पन्नासच्या वेगावर, सकाळी रिकाम्या रस्त्यावर. आणि २०-३० च्या वेगात हँडल थरथरतं तेही वेगळं दुखणं, कोनसेट आणि टायर ठीक असूनही थरथरत असेल तर हँडलची थरथर शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर लावा, अलाइनमेंटमधे त्याचं उत्तर शोधत बसू नका.

कागदाचं थोडक्यात: आरसीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, म्हणून लोखंड कापायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन लेखी विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवा. काम झाल्यावर विचारू म्हणू नका, आत माणूस बसणार आहे.

नवे क्लॅम्प लावून, दादरचं पोतं ठेवून, जिनिंगच्या ओट्यावर माप लावलं आणि आईला घेऊन तोरणमाळला गेलो. चोपडा, शिरपूर, शहादा, मग वर. सातपायरीच्या घाटात डाव्या वळणांना जीव मुठीत होता, डावीकडे वळताना साइडकार आतल्या बाजूला येते आणि उचलायला बघते, रिकामी असेल तर वेग थोडा जास्त झाला तरी उचलते. म्हणून एकटा घाटात जाताना मी साइडकारमधे वाळूची तीस-चाळीस किलोची पिशवी बांधून नेतो. आई होती त्यामुळे चाक खाली राहिलं. वर यशवंत तलावाशी ती अर्धा तास नुसती बसून होती.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन २६ रेघा तपासल्या. जाऊन-येऊन तीनशेच्या वर किलोमीटर, त्यात घाट. वरच्या चारही क्लॅम्प-रेघा जशाच्या तशा. ओळंब्याला १४ चे १४. फक्त पुढच्या खालच्या बोल्टच्या नटची रेघ केसभर तडकलेली दिसली, नट जुना नायलॉक होता, दोनदा काढलेला. नवा लावला, नवी रेघ मारली, त्याला आता १२० किलोमीटर झालेत आणि रेघ अजून अखंड आहे. पाचशेला परत बघून सांगतो.